बेंडगावचे नांदेडकर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. मी तरी नाही जमवले. शाळेवर असताना मी पोरांना शिकवायचे, नदी वाहताना गाळ आणते आणि जिथं वेग कमी होतो तिथं टाकून देते. आमच्या ऑफिसात वेग कमी होतो तो दुपारी डबे उघडल्यावर. तेवढ्या अर्ध्या तासात सहा वर्षांचा गाळ साचलाय! नवीन कुणी भेटलं आणि "ताई, तुमचं ऑफिस नेमकं करतं तरी काय?" असं विचारलं, की एकेक किस्सा वर यायला लागतो.

तर आधी ते काय करतं ते सांगते. नांदेडात वजिराबादेत, एका पाईप-मोटारीच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. आम्ही चौघं आणि एक सर. तिकडं अमेरिकेच्या मधल्या भागात, मिसिसिपी नदीच्या काठावर विलो बेंड नावाचं छोटंसं शहर आहे. शहर आपलं म्हणायचं, मुदखेडपेक्षा फार मोठं नसेल. तिथल्या लायब्ररीत जुन्या कागदांचा ढीग पडलाय. वर्तमानपत्रं, नगरपालिकेचे ठराव, पुराच्या नोंदी, कबरस्तानाच्या याद्या. ते लोक फोटो काढून पाठवतात, आम्ही वाचून टाइप करतो, कोण कुठल्या गल्लीत राहायचं ते नकाशावर बसवतो. म्हणजे एका गावाचा सगळा इतिहास आणि भूगोल. गाव त्यांचं, टायपिंग आमचं!

ऑफिसात विलो बेंड कुणी म्हणत नाही. बेंडगाव म्हणतात.

मी शोभा. विनाअनुदानित शाळेत अकरा वर्षं भूगोल शिकवला, मग इकडं आले. जगाचा नकाशा तोंडपाठ, आणि स्वतः हैदराबादच्या पलीकडं गेलेली नाही. बाकीची माणसं येतील तशी सांगते.

*

हे काम मिळालं ते सरांच्या इंग्रजीमुळं. म्हणजे सरांचं इंग्रजी चांगलं आहे म्हणून नव्हे.

सरांच्या एका वर्गमित्रानं तिकडं ओळख करून दिली होती. पहिली व्हिडिओ मीटिंग. समोर लायब्ररीच्या प्रमुख बाई, सत्तरीच्या आसपास, पांढरे केस, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. इकडं सर, इस्त्रीचा शर्ट, कोट, आणि कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणून खाली बर्म्युडा.

बाईंनी विचारलं, तुमचं शहर कुठं आहे? सर म्हणाले, गोदावरीच्या काठावर.

बाईंनी विचारलं, मग तुमच्याकडं पूर येतात का?

सरांना वाटलं, हा सर्व्हिसबद्दलचा प्रश्न आहे. इतर कंपन्यांपेक्षा आपण कमी पडता कामा नये. ताठ बसून म्हणाले, "येस मॅडम! रेग्युलर! एव्हरी इयर! नो कम्प्लेंट!"

मी कपाळाला हात लावला. बाई मात्र इतक्या हसल्या की चष्मा घसरला. म्हणाल्या, "आतापर्यंत मी चार कंपन्यांशी बोलले. सगळ्यांनी मला कम्प्युटरबद्दल सांगितलं. पुराबद्दल तुम्हीच बोललात. काम तुमचं."

सर अजूनही नव्या माणसाला सांगतात, "क्लायंटला काय पाहिजे ते ओळखावं लागतं!"

*

त्या बाईंचं नाव डोरोथी. आमच्या नसरीननं दुसऱ्याच दिवशी त्याचं दुरपता करून टाकलं.

नसरीन नांदेडचीच, नदीकडच्या जुन्या मोहल्ल्यातली. टायपिंगला वाऱ्यासारखी आणि बोलायला त्याहून. "डोरोथी, डोरोथी... जबान अटकती मेरी. दुरपता बोलूंगी." झालं. दुरपताबाईंचा मेल आला, दुरपताबाईंचा फोन आला. मग एकदा सकाळी ती झोपाळलेली असताना कॅमेऱ्यासमोरच बोलून गेली, "गुड इव्हनिंग, दुरपता मॅडम!"

बाईंनी विचारलं, हे काय नाव? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, आमच्याकडं फार जुनं नाव आहे. एक मोठी राणी होती. मानी. तिला पाच नवरे होते.

"पाच?"

"हो मॅडम."

"एकात माझी इतकी दमछाक झाली," त्या म्हणाल्या, "त्या बाईचा सत्कार करायला पाहिजे!"

तेव्हापासून मेलच्या खाली सही करतात ती 'दुरपता' अशी. स्पेलिंगसुद्धा त्यांनी नसरीनला विचारून घेतलं.

*

आता बालाजी. बालाजी किल्लारीचा. भूकंपानंतर नवं गाव वसलं त्यात जन्मलेला. इकडं खोली करून राहतो. नकाशाचं काम त्याच्याकडं, कारण त्याला एकदा बघितलेली गल्ली विसरता येत नाही.

पहिल्याच महिन्यात त्यानं बेंडगावचा मोठा नकाशा प्रिंट करून भिंतीवर चिकटवला. आम्ही बघितलं, बरोबर वाटला. नदी डावीकडून उजवीकडं चाललेली, आपल्या गोदावरीसारखी. वर गाव, खाली शेतं. तीन महिने आम्ही त्यावरून काम केलं.

एक दिवस दुरपताबाईंचा मेल आला. फार नम्र. "तुमचं काम छान आहे. फक्त एक शंका. तुम्ही मेथडिस्ट चर्च नदीच्या मधोमध का ठेवलं आहे?"

मी भिंतीकडं गेले. बघते तर काय, मिसिसिपी वाहते उत्तरेकडून दक्षिणेकडं, उभी. आणि बालाजीनं नकाशा आडवा लावलेला! त्यामुळं पूर्वेची सगळी घरं उत्तरेला गेलेली, आणि काही कुटुंबं पाण्यात.

"बालाजी, नकाशा आडवा का लावलास?"

"ताई, उभी नदी बरी वाटंना डोळ्याला. पडायली असं वाटायलं."

मी अकरा वर्षं भूगोल शिकवलेली बाई, तीन महिने रोज तो नकाशा बघत होते! शाळेत असते तर स्वतःच्याच हातावर पट्टी मारून घेतली असती. संध्याकाळी फोन लावून माफी मागितली. बाई म्हणाल्या, होतं असं, पण चर्च नदीत आहे असं दिसूनही तुम्हाला काही खटकलं कसं नाही?

बालाजी मागून म्हणाला, "खटकायचं काय त्यात? आमच्याकडं देऊळ नदीतच असतंय. पाणी उतरलं की दिसतंय!"

*

बेंडगावच्या नगरपालिकेचा एक जुना कारकून होता. त्याचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडून कागदावर चालत गेलेली. तिथल्या लोकांनी हात टेकले होते. 'वाचता आलं तर वाचा, नाही तर सोडा' अशी चिठ्ठी लावूनच त्या वहीचे फोटो आमच्याकडं आले.

नसरीननं ती आठ दिवसांत वाचली. तिचे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, उर्दूत आणि मोडीत. लहानपणापासून त्यांची पानं वाचून वाचून तिला कुठलंही अक्षर चालतं. भाषा नंतर, आधी हात ओळखायचा, असं ती म्हणते.

वाचून झाल्यावर मला म्हणाली, "शोभाताई, ये बंदा दोपहर कू पीता था."

"तुला काय माहीत?"

"देखो ना. सकाळची मीटिंग असली तर ओळ सीधी. दोपहर की मीटिंग, ओळ उतार पे. शनिवारची तर पूरी नदी में गिरती!"

मी म्हणाले, मेलेल्या माणसाबद्दल असं लिहायचं नाही. पण ती कसली ऐकते? तिनं यादीत एक रकानाच वाढवला. 'ओळ सरळ', 'ओळ तिरपी'. यादी गेली तिकडं.

दोन आठवड्यांनी दुरपताबाईंचा फोन. एका वेगळ्या पेटीत त्यांना त्या कारकुनाला कामावरून काढल्याचा ठराव सापडला होता. कारण: दुपारनंतर शुद्धीत नसणे.

ऑफिसभर टाळ्या! फक्त नसरीन टाळ्या वाजवत नव्हती. मी विचारलं, काय झालं गं? म्हणाली, "बुरा लगरा. मैंने चुगली करी उसकी. बेचारा किसी कू दिखरा नै था इत्ते साल."

*

हा अगदी छोटा. प्रज्ञा रोज मुदखेडहून रेल्वेनं येते. इंग्रजीत एम. ए. संध्याकाळी आपल्या गल्लीतल्या विहारात पोरांना इंग्रजी शिकवते. स्वभावानं इतकी सरळ, की खोटं कारण सांगून रजा घेणं तिला जमत नाही.

एकदा पॅसेंजर दीड तास लेट झाली. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. सरांनी ग्रुपवर लिहिलं, "प्रज्ञा, कारण?"

तिचं उत्तर आलं, "नदी गोठल्यामुळे वाहतूक बंद आहे."

सरांनी लिहिलं, "मुदखेडला बर्फ???"

"नाही सर, बेंडगावला. काल तिथल्या जुन्या वर्तमानपत्रातलं टाइप केलं. गाडीचं कारण कुणी सांगत नाहीये, म्हणून छापील असलेलं एक दिलं!"

*

नसरीनला बघायला आले होते तो किस्सा तिनं स्वतः सांगितलाय, म्हणून मी सांगू शकते.

मुलगा शिकागोत नोकरीला. सुट्टीवर आलेला. घरात नुसती धावपळ. बिर्याणी, डबल का मीठा, शेजाऱ्यांची चांगली कपबशी. मुलाची आई म्हणाली, "लडकी कू अमरिका के बारे में कुछ मालूम है क्या?" नसरीनची अम्मी म्हणाली, "थोडा बहोत कम्प्युटर पे देखती."

मुलगा रंगात आला. तिकडं रस्ते असे, तिकडं घरं तशी. मग म्हणाला, "हमारा शिकागो तो मिसिसिपी के किनारे पे है. मेरी खिड़की से दिखती."

आता हिला राहवतंय का? खाली मान घालून बसलेली, ती तशीच मान खाली ठेवून म्हणाली, "वो मिशिगन तालाब है जी. मिसिसिपी वहाँ से पश्चिम कू. मोटार से तीन घंटे लगते."

मुलगा हसला, म्हणाला, हां हां, वही, तालाब. मग हिनं विचारलं, कधी गेलात का नदीकाठी? नाही म्हणाला. बर्फ फुटताना आवाज कसा येतो माहीत आहे? नाही म्हणाला. मग हिनं, पदर सावरत, बेंडगावात बर्फ फुटला की पूर्वी शाळा कशी सोडायचे, पहिली बोट आली की बेकरीवाला घंटा कशी वाजवायचा, ते सगळं सांगितलं. मुलाची आई हिच्या अम्मीच्या कानाला लागली, "लडकी वहाँ रह के आई क्या? हमसे छुपाए क्या?"

ते जमलं नाही. मी दुसऱ्या दिवशी जपूनच विचारलं, वाईट वाटलं का गं?

"नै ताई. जिसकू अपने मुलुख की नदी किधर है नै मालूम," नसरीन डबा उघडत म्हणाली, "उसके भरोसे इत्ती दूर कौन जाता?"

*

एका पावसाळ्यात वरून पाणी सोडलं, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले आणि गोदावरी गावात यायला निघाली. नसरीनचं घर सखल भागात. आम्ही काम सोडून तिकडं गेलो. बालाजीनं गादी-पलंग उचलायला घेतले.

तेवढ्यात प्रज्ञाच्या मोबाईलवर दुरपताबाई. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. बातमी त्यांनी कुठंतरी वाचली होती. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "पलंग राहू द्या! आधी कागद! घराचे कागद, शाळेचे दाखले, फोटो! पलंग वाळतो, कागद वाळत नाही!"

प्रज्ञानं ओरडून मराठीत सांगितलं, बालाजीनं पलंग खाली ठेवला, आणि नसरीनच्या अम्मीनं कपाटातली पत्र्याची पेटी काढली. नानांचे सगळे कागद त्यात. बालाजीनं ती डोक्यावर घेऊन ऑफिसात आणली. सरांच्या टेबलावर ठेवली, सर उभे राहिले.

पाणी उंबऱ्याला लागून थांबलं. पण पुढचे चार दिवस बाईंना चैन नाही. पाणी किती आहे, सांगा. आम्ही काय सांगणार? आम्ही घाटावर जाऊन पायऱ्या मोजायचो. "आज सात पायऱ्या दिसतायत." "आज पाच." बाई ते लायब्ररीच्या दारावरच्या फळ्यावर लिहायच्या. तिकडची म्हातारी माणसं सकाळी कॉफी प्यायला यायची ती आधी फळा वाचायची. पाचव्या दिवशी अकरा पायऱ्या दिसल्या, तर तिकडं कुणीतरी केक आणला म्हणे!

त्यांना ती सवयच लागली. पूर ओसरला, दिवाळी झाली, संक्रांत झाली, तरी फोनच्या शेवटी प्रश्न ठरलेला. "आणि पायऱ्या?"

मे महिन्यात, कूलरचं पाणी संपलेलं, घामानं जीव नकोसा झालेला. फोन आला. "आणि आज पायऱ्या किती?"

नसरीन म्हणाली, "सगळ्या आहेत मॅडम. नदीच नाही!"

*

बेंडगावात नदीच्या अगदी कडेला एक वस्ती होती. आम्ही तिला खालची गल्ली म्हणतो. मोठा पूर आला, त्यानंतर नदीला उंच बांध घातला, आणि ती सगळी वस्ती उठवून वर टेकडीवर नेली. जुनी घरं पाडली. तिथं आता नुसतं गवत. लायब्ररीनं त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना सांगितलं, आठवेल तसा आपल्या गल्लीचा नकाशा काढून द्या. ते कागद आमच्याकडं आले. कुणी घराचा चौकोन काढलेला, कुणी कुत्र्याचं खोपटं, कुणी 'इथं माझी मावशी' एवढंच लिहिलेलं.

बालाजी ते बघत बसला. जेवायलाही उठला नाही. त्याची माय जुन्या किल्लारीतली. पण जुन्या गावाबद्दल विचारलं की एवढंच म्हणायची, "काय सांगावं? दगडमाती." त्याच्यापुढं कधी बोलली नाही.

दिवाळीला तो घरी गेला. अंगणात माय रांगोळी काढत होती. यानं मोबाईलवर अमेरिकेतल्या एका बाईचा नकाशा दाखवला. "माय, हे बघ. त्या बाईचं गाव पाण्यानं गेलं. आठवून आठवून काढलंय."

मायनं मोबाईल लांब धरला, जवळ धरला. "घर काढलंय अन चूल कुठंय? बिनचुलीचं घर असतंय व्हय?"

"मग तू काढून दाखव की."

मायनं लक्ष्मीची पावलं तशीच अर्धी सोडली. रांगोळीनं आधी एक गोल काढला, चूल. मग त्याच्या भोवती भिंती. मग शेजारचं घर, त्याची चूल. मग बोळ, मग मारुतीचा पार. अंगण पुरेना, तेव्हा रस्त्यावर गेली. एका घरापाशी आली, चूल काढली, आणि त्या घराच्या भिंती काढल्याच नाहीत. थोडा वेळ तशीच उकिडवी बसून राहिली. बालाजी म्हणतो, मी विचारलं न्हाई. मग उठून पुढच्या घराकडं गेली.

तोवर आळीतली माणसं जमली. "अगं, हीर इकडं न्हवती, पाराच्या मागं होती." "आमचा जिना उगवतीला व्हता." ज्याच्या त्याच्या हातात रांगोळी! दुपारपर्यंत रस्त्यावर अख्खं गाव उठलं. एक टमटमवाला आला, त्यानं बघितलं, काही न बोलता गाडी वळवली आणि मागच्या रस्त्यानं गेला.

आणि मग दोन म्हाताऱ्या जुंपल्या. दोघींच्या घरांमध्ये एक भिंत होती. ती हातभर माझ्याकडं सरकवलीस, नाही तूच सरकवलीस. दोघीही सत्तरीच्या पुढच्या. भांडता भांडता रांगोळीची ती रेघ एकीनं पुसायची, दुसरी काढायची.

बालाजीनं मायला विचारलं, "ह्यांचं कधीपासून चालू हाय?"

"भूकंपाच्या आधीपासून," माय म्हणाली. "गाव गेलं बाबा, पण भांडण शाबूत निघालं!" आणि कितीतरी वर्षांनी ती मोठ्यानं हसली. हे सांगताना बालाजीच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि तो ते कूलरवर ढकलतो.

त्यानं गच्चीवरून फोटो काढून दुरपताबाईंना पाठवला. बाईंचा उलट प्रश्न, प्रत्येक घरात तो गोल कशाचा? आम्ही सांगितलं. त्यांनी खालच्या गल्लीच्या सगळ्या म्हाताऱ्यांना नकाशे परत पाठवले. वर चिठ्ठी: 'किल्लारीहून विचारणा आहे, तुमची चूल कुठं होती?'

*

आणि हा मागच्या सप्टेंबरातला.

संध्याकाळचे साडेसहा. म्हणजे तिकडं सकाळचे आठ. दुरपताबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या गाडीत बसल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, गवतात चालता येत नव्हतं. म्हणाल्या, "माझ्याबरोबर वॉल्टर आहेत. वय सत्त्याऐंशी. खालच्या गल्लीत जन्मले, लहान असतानाच त्यांचं कुटुंब दूर गेलं. आज पहिल्यांदा परत आलेत. त्यांना आपलं घर कुठं होतं ते बघायचंय. इथं तर नुसतं गवत आहे. बालाजी आहे का?"

बालाजीनं तोवर सगळ्यांचे नकाशे एकात एक बसवून पावलांसकट हिशेब लावून ठेवला होता. तो खुर्चीवर सरसावून बसला. प्रज्ञा इंग्रजीला मदत म्हणून शेजारी. मी आणि नसरीन मागं उभ्या.

वॉल्टर आजोबांनी मोबाईल हातात घेतला. आम्हाला त्यांचे बूट दिसत होते, आणि गवत.

"अंकल," बालाजी त्याच्या इंग्रजीत म्हणाला, "रेल्वेचे रूळ दिसतात? रुळांना पाठ करा. सरळ वीस पावलं."

आजोबा चालले. मोजत चालले, आम्हाला ऐकू येत होतं.

"आता डाव्या हाताला बेकरी होती. उजव्या हाताला सलून. बरोबर?"

"बरोबर," आजोबा म्हणाले. "सलूनवाल्याचा एक कान नव्हता."

"ते माझ्याकडं नाही," बालाजी म्हणाला आणि त्यानं लिहून घेतलं. "आता नदीकडं वळा. पंधरा पावलं सरळ."

आजोबा वळले. पण सरळ जाईनात. मोकळ्या गवतातून मोठा वळसा घालून चालले.

"अंकल, सरळ! सरळ! वळलात कशाला?"

"नोव्हाकच्या दुकानासमोरून जायचं नाही," आजोबा धापा टाकत म्हणाले. "त्याचं कुत्रं चावतं!"

आम्ही सगळे हसलो. तिकडं गाडीतून दुरपताबाईंचं हसू ऐकू आलं. बालाजी हसला नाही. त्यानं वळशाची पावलं मनात मोजली. "बरं केलं. आता चार पावलं उजवीकडं. अजून दोन. थांबा."

बूट थांबले.

"अंकल, तुमच्या दारात आलात."

काही दिसत नव्हतं. गवत वाऱ्यानं हलत होतं. आजोबांनी जागच्या जागी दोनदा गवतावर बूट पुसले, मग एक पाऊल पुढं टाकलं. एवढंच. मग मोबाईल खाली गेला असावा, पडद्यावर नुसतं आकाश आलं. आम्ही वाट बघत राहिलो. नसरीननं माझा हात धरलेला. खाली दुकानात कुणी पाईप कापत होतं, तेही थांबलं.

बऱ्याच वेळानं आवाज आला. "पोरा, आहेस का तू?"

बालाजी इंग्रजी विसरला. "हाव," तो म्हणाला, "हितंच हाय की."

प्रज्ञा भाषांतर करायला पुढं वाकली. पण आजोबा तोवर बोललेही होते.

"मग बाहेर का उभा? ये, आत ये."